जायफळाचे चार वेढे आणि बाकीचे खात्रीचे उपाय

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज तिघांनी टाकला. माझी धाकटी पाच महिन्यांची आहे, तेव्हा तिसऱ्यांदा तो कुणासाठी आला होता हे सांगायला नको. मेसेज थोडक्यात असा: ‘चौथ्या महिन्यानंतर बाळ रात्री अचानक दर तासाला उठू लागलं, तर आईचं दूध कमी पडतंय असं समजा. बाटलीत नाचणीसत्त्व कालवून द्या. दात येत असले तरी असंच होतं. दुपारी झोपू देऊ नका. जायफळाचे चार वेढे मधातून चाटवा. पालथं झोपवा, दचकणार नाही. चालतं मूल रात्री किंचाळत उठलं तर नजर आहे, मीठ-मोहरी उतरवा. जुन्या जाणत्यांचं, शंभर टक्के खात्रीचं.’

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर कुणीतरी हात जोडल्याची इमोजी टाकून विषय मिटवला असता. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

‘दूध कमी पडतंय.’ सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप चुळबुळीची असते. बंद पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, मधूनच कण्हल्याचा आवाज येतो. तीन-चार महिन्यांच्या सुमारास या झोपेची घडणच बदलते आणि मोठ्यांसारखे हलक्या-गाढ झोपेचे टप्पे पडू लागतात. असं एक आवर्तन आपल्याकडे साधारण 90 मिनिटांचं असतं, बाळाचं 50 ते 60 मिनिटांचं. ते संपताना प्रत्येकाला किंचित जाग येते. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळाचा डोळा मात्र छातीशी लागलेला असतो, आणि जाग येते तेव्हा पाठीखाली नुसती गोधडी. मग ते हाक मारणारच. मेसेजवाल्याने तास बरोबर मोजलाय, कारण चुकीचं लावलंय.

दूध पुरतंय का, हे रात्रीच्या जागरणावरून कळत नाही. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का आणि वजन वाढतंय का, यावरून कळतं. दोन्ही ठीक असताना भीतीपोटी बाटली सुरू केली की बाळ छातीला कमी लागतं, आणि कमी लागलं की दूध खरोखरच घटतं. म्हणजे मेसेज स्वतःला खरा करून दाखवतो! डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे 1992च्या कायद्याने बंदी आहे. कंपन्यांना जे करता येत नाही, ते आमच्या मावश्या-आत्या फुकटात करतात.

आणि रात्री उठणं म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मुळात ठरवलं कुणी? कॅनडातल्या 2018च्या एका अभ्यासात सहा महिन्यांची सुमारे 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती.

‘नाचणीसत्त्व.’ सहा महिने पूर्ण झाल्यावर वाटी-चमच्याने खुशाल द्या, नाचणीशी माझं भांडण नाही. पण पोट जड झालं की झोप लांबते, ही समजूत तपासून झालेली आहे. झोपण्याआधी दुधात धान्याचं पीठ घालून पाहिलेल्या 1989च्या अमेरिकी प्रयोगात बाळांच्या झोपेत फरक पडला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमधल्या 2018च्या अभ्यासात तीन महिन्यांपासून वरचं खाणं दिलेल्या बाळांची रात्रीची झोप थोडी वाढली होती. किती? सुमारे सतरा मिनिटं. तेवढ्यासाठी बाटलीत घट्ट काहीतरी ओतून बाळाला ठसका लागायची पाळी मी आणणार नाही.

‘दात.’ पहिला दात बहुतेकांना सहा महिन्यांच्या आसपास येतो आणि वीसही दात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. एवढ्या काळात काहीही झालं तरी दातांवर ढकलता येतं. हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, एखाद-दोन रात्री बिघडतात, इतकं खरं. तीन आठवडे चाललेलं जागरण किंवा चढलेला ताप दाताचा नव्हे.

‘दुपारी झोपू देऊ नका.’ चार महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते, दुपारची त्यातच धरलेली. ती कापली तर संध्याकाळी बाळ चिरचिरं होतं आणि अतिथकल्यामुळे झोपायलाच तयार होत नाही. अडीच वर्षांच्या मुलाने संध्याकाळी सहाला डुलकी काढली तर रात्रीचे अकरा वाजतात, हे मात्र मान्य. तिथे डुलकी अलीकडे आणावी.

आता जायफळ. आमच्या आई (सासूबाई) गुटी उगाळतात तेव्हा मी शेजारी बसून पाहिलंय. सहाण ओली असली तर वेढा घसरतो, कोरडी असली तर जास्त उगाळलं जातं. जायफळ नवं की जुनं, दाब आईंचा की माझा, सगळ्यावर वेढ्यातला अर्क बदलतो. चार वेढे हे माप नव्हेच. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते मेंदूवर काम करतं. जास्त झालं तर नाडी जोरात चालते, मूल बधिर पडतं, झटकेही येऊ शकतात. ज्याला आपण ‘शांत झोपलं’ म्हणतो, ती गुंगी असते. मधाचं तर वेगळंच. त्यातल्या बॉट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, म्हणून वर्षापर्यंत मध बोटभरही नको. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘मग ते जायफळ श्रीखंडात घाल.’’

‘पालथं झोपवा.’ हे अजिबात नको. पालथ्या बाळाला जाग कमी येते हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. श्वास कोंडला तर जाग यायलाच हवी. अमेरिकेत 1994पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली, त्यानंतरच्या वर्षांत झोपेतले अचानक बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आमची सध्या रात्री दोनला आपणहून पालथी होते, परत उताणं होता येत नाही म्हणून ओरडते, मी वळवते, की पुन्हा तेच. नवी कला आली की बाळं तिचा सराव रात्रीही करतात. दिवसा चटईवर भरपूर लोळू दिलं की दोन्हीकडे वळणं लवकर जमतं. ते जमल्यावर बाळ झोपेत स्वतः पालथं झालं तर दरवेळी उलटवत बसायला नको. झोपवायचं मात्र पाठीवरच.

‘नजर.’ मोठा अडीच वर्षांचा असताना झोपल्यावर दीड-दोन तासांनी किंचाळत उठून बसायचा. डोळे सताड उघडे, पण मला ओळखायचा नाही, जवळ घेतलं तर ढकलायचा. सकाळी त्याला काहीच आठवत नसे. गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आल्यावर हे होतं, बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, आणि झोप अपुरी झालेल्या दिवसांत जास्त. काही मिनिटांत ते आपोआप निवळतं. मीठ-मोहरी शोधून, उतरवून, विस्तवावर टाकेपर्यंत तितकीच मिनिटं जातात, म्हणून उतारा दरवेळी लागू पडतो. उतरवा हवं तर, पण धूर पोरापासून लांब. त्याला हलवून जागं करू नका. पडणार-आपटणार नाही एवढं बघत शेजारी बसा.

मेसेजमध्ये नसलेलंही थोडं. आडवं केल्यावरच कळवळून रडणारं, तापलेलं बाळ कानाने बेजार असू शकतं. सारखे पाय झाडत अस्वस्थ झोपणाऱ्या मुलाचं लोह तपासून घ्या. 2019-21च्या राष्ट्रीय पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली होती. आणि तोंड उघडं टाकून रोज घोरणारं, मध्येच श्वास अडखळणारं मूल ‘बापावर गेलंय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मोबाइलवर मिनिटभर व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.