अस्तराचा रंग

"कितना बड़ा गेट है, भिया?"

इंदूरच्या सियागंजातल्या दुकानदाराने विचारलं, आणि त्याचं काहीच चुकलं नाही. लाल ऑक्साइड मागणाऱ्या माणसाकडे गेट, ग्रिल नाहीतर गच्चीवरची टाकी असतेच. माझ्याकडे रणगाडा होता. मी वीतभर अंतर दाखवलं. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मुकाट्याने अर्ध्या लिटरचा डबा पुढे सरकवला.

रणगाडा जर्मन. पँथर. 1:35 प्रमाणाचा, म्हणजे तोफेसकट जेमतेम 25 सेंटिमीटर. खरे पँथर 1943 साली कारखान्यातून निघाले तेव्हा आधी लालसर अस्तर, मग त्यावर गडद पिवळा, असा थाट होता. अस्तराचा नंबर आरएएल 8012. आरएएल म्हणजे जर्मनांची रंगांची नंबरवारी यादी. या मंडळींनी 1927 सालीच 40 रंगांना नंबर देऊन टाकले होते! आमच्या रामबागेत रंगाला नंबर नसतो. "आमसुली गं, पण जरा विटकरीकडे झुकणारा," एवढं म्हटलं की समोरच्या बाईला बरोब्बर कळतं. मला कळत नाही, हीच तर सगळी अडचण.

डब्याचं प्रकरण लवकर आटपलं. रंग पातळ करायला कपाटातला एनसी थिनर घेतला. प्लॅस्टिकला तो चालत नाही हे मला चाकाने सांगितलं, पाकातल्या गुलाबजामसारखं मऊ होऊन. मग अ‍ॅक्रिलिकच्या बाटल्या आल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध सुरू झालं.

पाच थेंब तपकिरी, तीन लाल, एक पिवळा. ओला असताना अप्रतिम. वाळल्यावर काथ. ट्यूबलाइटखाली जमला म्हणून रात्री समाधानाने झोपावं, तर सकाळी गॅलरीत तोच रंग वांग्याच्या सालीवर गेलेला. त्यात एक शास्त्र असं की लांबची वस्तू फिकट दिसते, म्हणून छोट्या मॉडेलचा रंगही खऱ्यापेक्षा थोडा उजळ हवा. मी भाबडेपणाने पांढरा घातला. लालात पांढरा घातल्यावर काय होतं हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. बायको म्हणाली, "अहो, स्ट्रॉबेरी श्रीखंड का?"

(उजळ करायचा तर पांढरा नाही, पिवळट बदामी घालायचा. हे ज्ञान मी अख्खी बाटली घालवून कमावलंय, तुम्ही फुकट घ्या.)

प्रत्येक मिश्रण प्लॅस्टिकच्या चमच्यावर लावून पाहायचं असतं. त्यामुळे छप्पन दुकानवरून मी आइस्क्रीम खाऊन चमचे खिशात घालून घरी आणू लागलो. महिनाभरात तेवीस चमचे खिडकीत ओळीने वाळत होते आणि माझं वजन वाढलं होतं. बरं, ताडून कशाशी पाहायचं? तर फोटोंशी. 1943 चे फोटो. कृष्णधवल. मी भिंग लावून करड्या रंगातला लाल शोधत होतो.

शेवटी आई उठली. तिने सतरा नंबरचा चमचा उचलला आणि अंगणात तुळशीवृंदावनाला टेकवला. "हा गेरू आहे. यासाठी एवढं?"

बघतो तर काय, चमचा कुठे संपतो आणि वृंदावन कुठे सुरू होतं ते कळेना. आणि तसं ते बरोबरच होतं. गेरू म्हणजे लोहाचा गंज, लाल ऑक्साइड म्हणजेही लोहाचा गंज. फरक एवढाच की आईने तो दिवाळीच्या आधी, अंदाजाने, बादलीत कालवला होता.

सतरा नंबर पुन्हा जमवायला आणखी तीन संध्याकाळी गेल्या, कारण थेंब लिहून ठेवलेला कागद बायकोने सुक्या कचऱ्यात दिला होता आणि इंदूरची कचरागाडी कोणासाठी थांबत नाही.

अस्तर बसलं. त्यावर हेअरस्प्रे, त्यावर गडद पिवळा. मग ओल्या ब्रशने कडा हलकेच घासायच्या, म्हणजे पिवळा निघतो आणि खालचा लाल डोकावतो, वापरातल्या गाडीसारखा. सबंध रविवार घासला. दीड महिन्याच्या कष्टांपैकी नखाएवढे पाच-सहा ठिपके जगासमोर आले.

मी रणगाडा आईच्या हातात दिला. तिने चष्मा वर करून तो फिरवून फिरवून पाहिला.

"छान झालाय रे. फक्त इथे कडेला पोपडे निघालेत. पुन्हा एक हात दे."