अंगठा दुखतो म्हटलं की सगळे मोबाईलवरच का घसरतात?

बाळ चार महिन्यांचं असताना माझा उजवा अंगठा धरला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला टोकदार हाड लागतं ना, नेमकं तिथे. बाटलीचं झाकण उघडेना, डायपर बांधताना अशी कळ यायची की डोळ्यात पाणी. घरी सगळ्यांचं निदान तयार होतं, "मोबाईल कमी कर". अरे पण मोबाईल हातात घ्यायला वेळ होता कुठे मला!!

डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवलं, मी ओरडलेच. म्हणाले हे डी क्वेरवेन. घरी येऊन वाचलं तर स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी हे दुखणं १८९५ मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा कुठला आलाय व्हॉट्सॲप?

अंगठा हलवणाऱ्या दोन शिरा (शिरा आपण म्हणतो, खरं तर स्नायुबंध) मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. तेच तेच काम करून त्या बोगद्याचं आवरण जाड होतं आणि आतल्या शिरा अडकत घासत सरकतात. आता बाळाला काखेत हात घालून कसं उचलतो बघा, अंगठे ताणलेले आणि सगळा भार वाकलेल्या मनगटावर, ते पण दिवसातून किती वेळा कोण मोजतंय. नव्या आयांमध्ये हे फार दिसतं ते उगाच नाही. मोबाईल अगदी निर्दोष आहे असं नाही, एका अंगठ्याने टाईप केलं की दुखणं चिघळतंच, पण आईला दुखतंय म्हटल्यावर पहिला संशय तिच्या करमणुकीवर, कामावर नाही, याचा मला राग येतो.

माझी चूक सांगते. तीन आठवडे मनगटाचा साधा इलॅस्टिक पट्टा घातला, अंगठा मोकळाच, काय उपयोग! अंगठ्याला पण धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो. त्यानेही भागेना म्हणून शेवटी स्टिरॉइडचं एक इंजेक्शन घेतलं, त्या जागची त्वचा थोडी फिकट पडू शकते हे आधीच सांगितलं होतं, पडलीच, चालतंय. इंजेक्शनने पण नाही जमलं तर छोटं ऑपरेशन करून बोगद्याचं छत उघडतात, तिथवर वेळ आली नाही.

आता बाळ नऊ किलोचं झालंय. उचलताना तळवे वर, अंगठे बोटांना चिकटून, एक हात ढुंगणाखाली. नवऱ्यालाही असंच शिकवलं, त्याचा अंगठा काही दुखत नव्हता म्हणा, दुखायला आधी उचलावं लागतं.