‘कागद नको, केबल टाका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

पालिकेने ब्रॉडबँडच्या आराखड्यासाठी अनुदान मागायचं ठरवलं की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: शहरात फायबर सगळीकडे पोचलंय, उरलेलं ५जी आणि उपग्रह बघून घेतील, सरकारी जाळं आहेच, इंटरनेट हे पालिकेचं कामच नव्हे, आणि आराखड्याचा पैसा सल्लागाराच्या खिशात जाणार, तेव्हा त्याच पैशात थेट केबल टाका. शेवटचा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त पटतो. त्यामुळे त्याला जास्त जागा देतो. बाकीचे आधी.

‘फायबर सगळीकडे पोचलंय.’

मुख्य रस्त्यावरून पोचलंय, हे खरं. पण फोंडा, डिचोली किंवा म्हापशात रस्ता सोडून दीडशे-दोनशे मीटर आत, चढावरच्या वाड्यावर जा आणि नवी जोडणी मागा. उत्तर येतं, ‘फिजिबल नाही’. यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. वाटेत खांब नसतो. किंवा खांब रोवायची जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) वा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) असते, आणि मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या) घरासाठी तिथे संमती कोणी आणायची हे ठरलेलं नसतं. किंवा जवळच्या पेटीत १:८ चा स्प्लिटर (एका धाग्यातला प्रकाश आठ वाटांत विभागणारा भाग) असतो, त्याची आठही टोकं भरलेली असतात आणि नवव्या घरासाठी नवी पेटी बसवणं कंपनीला परवडत नाही. कंपनीच्या नकाशावर मात्र तो वाडा रंगलेलाच दिसतो.

ही चूक अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. तिथल्या जुन्या पद्धतीत जनगणनेच्या एका गटातल्या एका ठिकाणी जरी सेवा मिळत असली तरी अख्खा गट ‘सेवा असलेला’ धरत. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी घरागणिक नकाशा आणला. २०२१ च्या कायद्याने ब्रॉडबँडसाठी ४,२४५ कोटी डॉलर ठेवले, त्यातही बांधकामाच्या आधी प्रत्येक राज्याला नियोजनासाठी ५० लाख डॉलरपर्यंत रक्कम वेगळी काढता आली.

आणि ‘पोचलंय’ म्हणजे किती वेगाने? आपल्याकडे ब्रॉडबँडची अधिकृत किमान मर्यादा जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती. एका खोलीत मुलीचा ऑनलाइन वर्ग आणि दुसऱ्या खोलीत वडिलांची व्हिडिओ बैठक २ एमबीपीएसवर एकत्र चालत नाही. तरी हिशेबात ते घर ब्रॉडबँडवालंच.

‘५जी आणि उपग्रह बघून घेतील.’

विखुरलेल्या घरांसाठी ५जीवरची घरगुती जोडणी चांगली सोय आहे, ती नाकारू नये. पण ५जीचा मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झचा. चिऱ्याच्या जाड भिंती आणि पावसात भिजलेली झाडी त्या लहरींना बऱ्यापैकी अडवतात. शिवाय एका अँटेनाची क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते, त्यामुळे रात्री आठनंतर वेग पडतो. त्या टॉवरला मागून जोडणी लागते ती फायबरचीच. उपग्रहाच्या थाळीला मोकळं आकाश हवं. माड-फणसांच्या छायेतलं अंगण तिला चालत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने उपग्रह सेवेबद्दलच्या मे २०२५ च्या शिफारशीत शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकार सुचवला, यावरून ही सेवा मुख्यतः कोणासाठी अपेक्षित आहे ते कळतं.

‘सरकारी जाळं आहेच.’

गोवा ब्रॉडबँड नेटवर्क मुळात सरकारी कार्यालयं आणि पंचायती जोडायला उभं राहिलं. भारतनेट ही केंद्राची फायबर योजना ग्रामपंचायतींसाठी आहे. पालिका क्षेत्रातलं घर या दोहोंच्या मधल्या फटीत पडतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात डिजिटल भारत निधीच्या (दूरसंचार सेवा सर्वदूर पोचवण्यासाठीच्या केंद्राच्या निधीच्या) उद्दिष्टांत ग्रामीण आणि दुर्गम भागांच्या जोडीला सेवा कमी पडणारे शहरी भागही आहेत. पण सेवा कमी कुठे पडते ते दाखवायला मोजमाप लागतं, आणि ते आज बहुतेक पालिकांकडे नाही.

‘हे पालिकेचं कामच नव्हे.’

दूरसंचार केंद्राच्या सूचीत आहे. पालिकेने इंटरनेट विकावं असं आम्हीही म्हणत नाही. पण रस्ते आणि नगरनियोजन हे विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या यादीत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या मार्गाधिकार नियमांनुसार (केबल-खांबांसाठी जागा वापरू देण्याचे केंद्राचे नियम) केबलच्या परवानगीचे अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढावे लागतात. पालिकेच्या अभियंत्याकडे जमिनीखालचा नकाशा नसेल तर तो डोळे मिटून सही करणार. त्याचा परिणाम रोज दिसतो: मलनिस्सारणाच्या जेसीबीने फायबर तोडलं, फायबरवाल्याने पाण्याची नळी फोडली, आणि डांबर घातलेला रस्ता महिन्याभरात पुन्हा उकरला.

‘त्याच पैशात थेट केबल टाका.’

जमिनीखालच्या जाळ्यात खर्चाचा मोठा वाटा खोदकामाचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. काचेची तार त्यामानाने स्वस्त. त्यामुळे २४ धाग्यांच्या जागी ९६ धाग्यांची केबल टाकल्याने जो खर्च वाढतो, तो पुन्हा खोदाई करण्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरतो. किती धागे, कोणत्या रस्त्याने, पेटी कुठे, हे आधी न ठरवता टाकलेली केबल म्हणजे दुसऱ्या खोदाईची आगाऊ नोंदणी.

एक साधा हिशेब घ्या. जीपॉन जाळ्यात (घरोघरी फायबर नेण्याची नेहमीची पद्धत) कंपनीच्या यंत्राच्या एका पोर्टमधला प्रकाश ३२ घरांत वाटतात. नेहमीच्या बी-प्लस दर्जाच्या उपकरणांना वाटेत २८ डीबीपर्यंत तूट सोसते (डीबी म्हणजे प्रकाश किती क्षीण झाला याचं माप). १:४ आणि पुढे १:८ असे दोन स्प्लिटर मिळून १८ च्या आसपास खातात. ४ किलोमीटर केबलचे, दर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे, १.४. दहा स्प्लाइस (धाग्यांचे कायमचे जोड) प्रत्येकी ०.१ धरून १. चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरून २. झाले सव्वाबावीस ते साडेबावीस. हाताशी उरलेले साडेपाच डीबी पुढच्या दहा पावसाळ्यांतल्या दुरुस्त्यांसाठी राखून ठेवायचे असतात. माड कोसळून केबल तुटते, भर पावसात घाईने जोड मारला जातो, जोडावरच्या डबीचं, म्हणजे क्लोजरचं, सील नीट बसत नाही आणि आत पाणी शिरतं. त्यातच एखाद्याने वाढीव गिऱ्हाइकांसाठी मध्येच १:२ चा स्प्लिटर घुसवला की ३.५ डीबी एका दमात गेले. मग घरातल्या ओएनटीपाशी (फायबर येऊन मिळतो त्या डब्यापाशी) प्रकाश उणे २७ डीबीएमच्या, म्हणजे त्याला वाचता येईल त्या किमान पातळीच्या, खाली उतरतो आणि लाल दिवा लुकलुकू लागतो. लोक कंपनीला शिव्या घालतात. चूक रचनेत असते.

काही ठिकाणी तर खांबावरच्या डब्यात घरांना इंटरनेट वाटणारा साधा नेटवर्क स्विच असतो आणि त्याला वीज शेजारच्या घरातून दिलेली असते. त्या घरची वीज गेली की अख्ख्या आळीचं इंटरनेट गेलं. तिथून घराघरांत तांब्याची तार गेली असेल तर ऑक्टोबरच्या गडगडाटात राउटर जळतात. जीपॉनमध्ये मधल्या वाटेवर विजेची गरजच नसते. कोणत्या आळीत काय आहे, हे चालत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

अनुदानातून नेमकं हेच चालणं व्हावं. घर क्रमांकानुसार यादी, त्यात वर्षभर कुलूप असलेले फ्लॅट वेगळे. ते ग्राहक धरले तर जोडण्यांचा अंदाज फुगतो आणि खरा वस्ती असलेला वाडा मागे पडतो. प्रत्येक खांबाची उंची, मालकी आणि त्यावर आधीच लोंबणाऱ्या केबली. केरळच्या के-फॉन या सरकारी फायबर जाळ्याने वीज मंडळाच्या खांबांचा आधार घेतला. आपल्याकडे तसं करायचं तर कोणता खांब भार सोसेल हे वीज खात्यासोबत बसून ठरवावं लागेल. वेगाची चाचणी वायफायवर न घेता राउटरला तार जोडून घ्यावी, सकाळी दहाला आणि रात्री नऊला, आणि डाउनलोडबरोबर अपलोड व विलंबही नोंदवावा.

आराखड्यातलं सर्वांत मोलाचं पान रिकाम्या डक्टचं, म्हणजे पुढे केबल ओढता यावी म्हणून आधीच पुरलेल्या नळीचं. कुठल्याही कामासाठी रस्ता उघडला की त्यात ४० मिलिमीटरच्या दोन-तीन एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) नळ्या टाकून ठेवायच्या, आत ओढदोरी, वर सूचनापट्टी, वळणांवर आणि साधारण दर शंभर-दीडशे मीटरला चेंबर. आपल्या जांभ्या दगडात खाली आणि वर वाळू हवीच. चिऱ्याचा टोकदार तुकडा दाबला गेला की नळी चपटी होते आणि पुढे केबल सरकत नाही. टोकाला टोपण नसेल तर पहिल्याच पावसात ती मातीने भरते. भरावानंतर आणि डांबराआधी नळी मोकळी आहे ना हे कळायला आतून चाचणी-गोळा ओढून पाहावा. सामाईक डक्टची तरतूद नव्या दूरसंचार कायद्यातही आहे. अशी नळी सगळ्या कंपन्यांना एकाच दराने भाड्याने देता येते.

सल्लागाराची भीती मात्र अनाठायी नाही. गुळगुळीत कागदावरचा अहवाल कपाटात पडून राहतो. म्हणून करारातच लिहावं: नकाशे जीआयएस (संगणकी नकाशाच्या) थरांच्या रूपात, चाचणीचे कच्चे आकडे, वॉर्डागणिक परिमाणपत्रक (कोणतं काम व साहित्य किती लागेल याची यादी) आणि गोव्याच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, हे सगळं पालिकेच्या मालकीचं आणि लोकांना पाहायला खुलं. शेवटचा हप्ता पालिकेच्या अभियंत्याने स्वतः निवडलेली काही घरं आणि खांब प्रत्यक्ष पडताळल्यावरच द्यावा.

आणि सर्वेक्षण जून ते सप्टेंबरमध्ये करावं. त्या काळात रस्ताखोदाई तशीही बंद असते आणि जाळ्याचे दोष उघडे पडतात: कुठल्या पेटीत पाणी शिरतं, कुठल्या फांदीखाली केबल तुटते, कुठला स्विच विजेबरोबर मरतो. ऑक्टोबरात खोदाईच्या परवानग्या सुरू होतील तेव्हा रेखाटनं अभियंत्याच्या टेबलावर असतील.