नंबर दिसला म्हणून माणूस ठरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

देवगडच्या एका आंबा बागायतदाराच्या मोबाइल नंबराचा भामट्यांनी कसा गैरवापर केला, यावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपल्या मेहुण्यांना त्याच नंबरावरून फोन आला, स्क्रीनवर त्यांनी सेव्ह केलेले ‘आंबेवाले’ हे नाव दिसले आणि त्या विश्वासावर त्यांनी पाच पेट्यांची आगाऊ रक्कम पाठवली. तेव्हा फोन त्या घरातूनच आला असणार आणि मी ओळखीच्या माणसाला पाठीशी घालतो आहे, असे आपले म्हणणे आहे. शिवाय असे बनावट कॉल सरकारने २०२४ मध्येच बंद केले, आणि ज्याला एवढा त्रास होतो त्याने सरळ नंबर बदलावा, असेही आपण लिहिले आहे.

कॉल येतो तेव्हा स्क्रीनवर दिसणारा नंबर आपल्या फोनने शोधून काढलेला नसतो. कॉल जिथून निघतो त्या टोकाकडून तो सोबत आलेला असतो. सिमकार्डावरून साधा कॉल लावला तर तो नंबर मोबाइल कंपनी स्वतःच्या नोंदीवरून भरते. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोन यंत्रणेत मात्र कोणता नंबर दाखवायचा, हे कॉल करणारी बाजू ठरवू शकते. ही सोय मुळात रास्त कारणासाठी आहे, कारण इस्पितळातल्या कोणत्याही टेबलावरून फोन लावला तरी नातेवाइकांना चौकशी कक्षाचा एकच नंबर दिसावा, यात सर्वांचीच सोय असते. पण भामटा तिथे दुसऱ्याचा नंबर भरतो आणि वाटेतल्या कंपन्यांनी तो पडताळला नाही, तर तो तसाच आपल्यापर्यंत पोहोचतो. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापले म्हणून आतला आंबा देवगडचा ठरत नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. नंबराचेही तसेच आहे.

या प्रकारात नंबरधारकाच्या फोनला कोणी हातही लावलेला नसतो. त्या कॉलची नोंद त्याच्या फोनमध्ये नसते आणि त्याच्या कंपनीकडच्या कॉल तपशिलातही नसते, त्यामुळे चिडलेली माणसे उलट फोन करू लागतात तेव्हाच त्याला हे कळते. एप्रिलमध्ये मी त्या बागायतदाराच्या पडवीत बसलो असताना घरातल्या वहिनी पेंढ्यात आंबे लावत होत्या आणि शेजारचा फोन सारखा वाजत होता. एका बाईंनी विचारले, “तुम्ही आत्ता बँकेतून बोलत होतात ना?” वहिनी म्हणाल्या, “नाही हो ताई, आम्ही देवगडचे आंबेवाले.” पलीकडून शिवी आली आणि फोन कट झाला. सासऱ्यांनी फोन बंद ठेवायला सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “मगे गिरायक खंयसून येतला?” (मग गिऱ्हाईक कुठून येणार?)

या प्रश्नाकडे आपण लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. पाडव्यापासून मृगाच्या पावसापर्यंतच्या दिवसांत या घराची वर्षाची कमाई व्हायची असते, आणि पुण्यामुंबईच्या सोसायट्यांतली बहुतेक मागणी त्या एकाच नंबरावर येते. गैरवापर सुरू झाल्यावर लोकांनी तो नंबर फसवणुकीचा म्हणून नोंदवला, नंबर ओळखून दाखवणाऱ्या ॲपमध्ये तो लाल रंगात दिसू लागला, आणि माल पोहोचल्याचे कळवायला केलेला फोनही जुने ग्राहक उचलेनासे झाले. फसलेल्या ग्राहकाचे नुकसान निदान रुपयांत मोजता तरी येते. न आलेल्या ऑर्डरींची नोंद कुठेच होत नाही, आणि तारकर्लीचा न्याहारी-निवास चालवणारा असो वा दापोलीचा कोकम-सरबतवाला, त्याला त्यांची भरपाई कोणाकडे मागताही येत नाही.

नंबर बदलण्याचा सल्ला सोपा वाटतो. पण बँक खाते, यूपीआय, जीएसटी नोंदणी, अन्नपरवाना, रस्त्यावरचा फलक आणि छापून ठेवलेल्या पेट्या हे सारे त्याच नंबराला बांधलेले असते. शिवाय सोडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, म्हणजे पुढच्या हंगामात जुन्या ग्राहकांच्या ऑर्डरी एखाद्या अनोळखी माणसाकडे जातील; आणि भामट्यांना तर बंद नंबर दाखवायलाही अडचण नसते.

सरकारी उपायाबद्दल. दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केलेली यंत्रणा महत्त्वाची आहे. भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉलपैकी सुमारे ९० टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी ३५ लाख कॉल, तिने पहिल्या चोवीस तासांतच बनावट ठरवून अडवले. मात्र देशातूनच निघालेला कॉल त्या तपासणीतून जातच नाही, म्हणून प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. कॉल करणाऱ्याचे नोंदणीकृत नाव दाखवावे, ही ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची फेब्रुवारी २०२४ मधली शिफारसही मला एकटी पुरेशी वाटत नाही, कारण नाव जर नंबरावरूनच शोधले जाणार असेल, तर चोरलेल्या नंबरासोबत त्या निरपराध बागायतदाराचे नावही झळकेल आणि खोटे अधिकच खरे वाटेल. कॉल जिथून निघतो तिथेच नंबराची पडताळणी करण्याची जबाबदारी कंपन्यांची आहे. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये दूरसंचार ओळखीशी छेडछाड करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तिचा धाक भामट्याला वाटला पाहिजे, पेंढ्यात आंबे लावणाऱ्या बाईला नव्हे.

आपल्या मेहुण्यांचे पैसे गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांनी १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली नसेल, तर ती आजच करावी, कारण उशीर होईल तशी रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाते आणि गोठवणे कठीण होते. पैसे न जाता नुसताच संशयास्पद कॉल आला, तर तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवता येतो. पुढच्या वेळी पैसे मागणारा फोन आला, तर तो ठेवून द्यावा आणि सेव्ह केलेला नंबर स्वतः लावावा. उलट लावलेला कॉल खऱ्या नंबरधारकाकडेच जातो.

राहिला आपला मुख्य आरोप. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील मेहुण्यांच्या बँकेकडे आहे, आणि या प्रकरणात नंबरापेक्षा तोच अधिक भक्कम पुरावा आहे. पोलिसांच्या तपासात ते खाते देवगडच्या त्या कुटुंबाचे निघाले, तर तसे मी याच ठिकाणी लिहीन. तोवर त्यांना दोषी म्हणायला मी तयार नाही.