‘वास येत नाही, म्हणजे फिल्टर ठीक आहे’

स्कूबाचे सिलिंडर भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो: कॉम्प्रेसरची हवा गाळणारं कंपनीचं कार्ट्रिज (फिल्टरची नळी) महाग पडतं, ते रिकामं करा, त्यात सिलिका जेल आणि माशांच्या टाकीचा कार्बन भरा, जेल ओव्हनमध्ये भाजून पुन्हा वापरा, आणि हवेला वास येईपर्यंत काही बदलू नका.

यात खरं एवढंच, की पुन्हा भरण्यासाठीच बनवलेलं, झाकण उघडणारं कार्ट्रिज हाताने भरता येतं. सीलबंद कार्ट्रिज कापून भरायचं नसतं. बाकीचा सल्ला मुद्द्यागणिक चुकतो.

‘वास येईपर्यंत चालवा.’ सगळ्यात घातक मुद्दा हाच. वास आणि तेलाची वाफ धरतो कार्बन. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि कार्बन त्याला अडवतही नाही. ते काम हॉपकलाइटचं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करणाऱ्या दाण्यांचं, आणि हॉपकलाइट ओलं झालं की निकामी. म्हणजे आधी मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे दाणे, संपते, मग हॉपकलाइट मरतं, कार्बनही ओला होऊन कमी तेल धरतो. वास येतो तो सगळ्यात शेवटी. पेट्रोल इंजिनाच्या कॉम्प्रेसरवर, किंवा तापून तेल जळणाऱ्या कुठल्याही मशीनवर, तोवर फार उशीर झालेला असतो. ईएन 12021 या युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 5 पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) आहे. पाण्याबाहेर 10 पीपीएम असलेली हवा 30 मीटर खोलीवर शरीराला 40 पीपीएमसारखी लागते.

मग बदलायचं कधी? हिशेब पाण्याचा करायचा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला साधारण 2.4 घनमीटर हवा मावते. सेपरेटरमधून (फिल्टरच्या आधी पाणी-तेल वेगळं करणाऱ्या भांड्यातून) निघणारी हवा 30 अंशांना असेल तर तेवढ्या हवेबरोबर जवळपास 0.36 ग्रॅम वाफ फिल्टरमध्ये जाते. 40 अंशांना 0.6, 50 अंशांना 1 ग्रॅम. सीव्ह आपल्या वजनाच्या सुमारे 20 टक्के पाणी धरते. 200 ग्रॅम सीव्ह म्हणजे 40 ग्रॅम पाणी: कागदावर 110, 65 किंवा 40 सिलिंडर. प्रत्यक्षात याहून कमीच धरा. थंड देशात लिहिलेल्या मॅन्युअलमधले तास मे महिन्यातल्या मालवणात लागू होत नाहीत, ते यामुळे. फिल्टरमधला दाब टिकवणारा प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्ह बिघडला असेल तर रिकामा सिलिंडर लावताच टॉवरचा, म्हणजे कार्ट्रिज बसवलेल्या नळकांड्याचा, दाब कोसळतो. 50 बारला तीच हवा चौपट पाणी आणते. आणि सेपरेटरमधलं पाणी सोडणारा ड्रेन दर 15 मिनिटांनी उघडा, दमट दिवसांत त्याआधीच.

‘सिलिका जेल आणि सीव्ह एकच.’ नाही. दमट हवेत जेल भरपूर पाणी पितं, पण हवा कोरडी होत आली किंवा तापली की ते ढेपाळतं, आणि हॉपकलाइटला तर अगदी कोरडीच हवा लागते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं. त्याची धूळ श्वासाच्या हवेत नको.

‘ओव्हनमध्ये भाजा.’ जेल 120 अंशांच्या आसपास वाळतं, हे खरं. 13एक्स जातीच्या सीव्हला मात्र 250 अंशांच्या वरची उष्णता आणि वर कोरडी हवा खेळती लागते. शिवाय त्यात बसलेलं तेल भाजल्याने जात नाही, जळून चिकटतं. धूर आणि आगीचा धोका वेगळाच.

‘माशांच्या टाकीचा कार्बन.’ तो पाण्यासाठी असतो, आणि त्याची धूळ पुढे व्हॉल्व्हमध्ये जाते. वाफेसाठीचा कार्बन बहुधा नारळाच्या करवंटीचाच असतो, पण म्हणून चुलीतला कोळसा चालत नाही. करवंटी 800-900 अंशांना वाफेत तापवून त्याची छिद्रं उघडलेली असतात.

‘भरायचं म्हणजे ओतायचं.’ इथे चांगले चांगले चुकतात. गेज शून्यावर आल्याशिवाय टॉवर उघडू नये. हवा कुठल्या टोकाने शिरते ते आधी बघा: पहिली सीव्ह, कार्बन आणि हॉपकलाइट तिच्या पुढे. सीव्हचा डबा उघडल्यावर स्टीलच्या वाटीत चमचाभर दाणे घेऊन थोडं पाणी टाका; ताजी असेल तर वाटी बाहेरून चांगलीच तापते. नुसती कोमट झाली तर तो डबा बाद. तळाशी नवी फेल्टची चकती, मग थोडे थोडे दाणे ओतत कार्ट्रिजला चहूबाजूंनी रबरी हातोडीने ठोका, पातळी खाली बसायची थांबेपर्यंत. प्रत्येक थरामध्ये फेल्ट. वरची जाळी स्प्रिंगने घट्ट दाबली गेली पाहिजे. पोकळी राहिली तर हवा तेवढीच वाट धरते आणि बाकीचा माल कोरा राहतो. दाणे हलले तर घासून पीठ होतं. ओ-रिंग नव्या. भरलेलं वजन कार्ट्रिजवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाढलेले ग्रॅम म्हणजे मुख्यतः धरलेलं पाणी, आणि आपला हिशेब बरोबर होता की नाही ते तिथेच कळतं.

दाब सोडताना हळू. झटक्यात सोडला तर थर उचलले जातात. काम झाल्यावर टॉवरमध्ये थोडा दाब ठेवला की बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. हंगाम संपताना मात्र नवा माल भरून ठेवू नका. तो सप्टेंबरात, मशीन पुन्हा सुरू करायच्या दिवशी भरा.