केंटिश चिखल्या फक्त केंटमध्ये? नाही हो!

ग्रुपवर मेसेज फिरतोय की केंटिश चिखल्या हा किनाऱ्यावरचा छोटा पक्षी इंग्लंडच्या केंट काउंटीतच सापडतो, तसं काही नाहीये. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या सँडविच (खायचं नाही, गाव!) जवळ मारलेल्या पक्ष्यांवरून हे नाव पडलं, पण स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने 1758 मध्येच त्याला इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरावरून शास्त्रीय नाव दिलेलं आणि आता तर तो केंटमध्ये घरटीच करत नाही, उलट हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर मस्त दिसतो, काळे पाय आणि छातीवरचा मध्येच तुटलेला पट्टा बघा. आणि त्या मेसेजसोबत केंटचा म्हणून फिरणारा टिटवीचा फोटो पण केंटचा नाही, डोळ्यापुढे लाल मांसल भाग म्हणजे आपली शेतातली टिटवी. केंटच्या टिटवीला हिरवट चमकदार पाठ अन् डोक्यावर लांब बारीक तुरा असतो.