कुकरला शिट्टी, सोडा दुप्पट आणि केक मधे कच्चा: त्या सात गुपितांना उत्तर

‘बेकरीवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात असलेला एक संदेश सध्या नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जोरात फिरतोय. घरी ओलसर, मऊ चॉकलेट केक करण्याची सात गुपितं, कुणा ‘प्रसिद्ध मास्टर शेफ’चा हवाला, नाव अर्थातच नाही, आणि शेवटी ‘प्रत्येक गृहिणीपर्यंत पोहोचवा’. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, मी वाचून सोडून दिला. पण परवा इंदिरानगरहून मावशीचा फोन आला. नातवाच्या वाढदिवसाला केक करायचा म्हणून ती त्या संदेशाबरहुकूम कामाला लागली होती. “अगं, कुकरला शिट्टी ठेवायची ना? यात ठेवा म्हणून लिहिलंय.”

मावशी, आधी गॅस बंद कर.

दावा असा आहे की रबर आणि शिट्टी लावून कोरड्या कुकरमध्ये केक ठेवला की वाफ आत कोंडते आणि केक ओलसर होतो. कुकर पाण्याच्या वाफेवर चालण्यासाठी बनवलेला असतो. तळाला पाणी आहे तोवर आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास राहतं. पाणीच नसेल तर ते रोखणारं काही उरत नाही. रबर करपतं, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो (तो असल्या वेळी वितळण्यासाठीच असतो), आणि तो अडकलेला किंवा भलत्याच बनावटीचा असेल तर काय होतं ते स्वयंपाकघरात उभं राहून पाहू नये. शिवाय एवढं करून केक चांगला होतो म्हणावं, तर तेही नाही. दाबाखाली तो नीट फुगत नाही आणि दाब एकदम गेला की मधे बसतो.

कुकरमध्ये केक होतो, हे मात्र खरं. ओव्हन नसलेल्या घरांत वर्षानुवर्षं होत आलाय. तळाला मीठ किंवा वाळूचा थर, त्यावर स्टँड, झाकणाचं रबर आणि शिट्टी दोन्ही काढलेली, दहा मिनिटं आधी तापवलेला कुकर आणि मग मंद आच. झाकणाखाली थोडी दमट हवा राहते, त्यामुळे वरची साल ओव्हनपेक्षा मऊ राहते. एवढं अर्धं सत्य मी त्या मास्टर शेफला देऊन टाकते. पण दमट हवा वेगळी आणि कोंडलेला दाब वेगळा. कुकर असा कोरडा तापवणं कंपन्यांनाही मंजूर नसतं, म्हणून त्यातल्या त्यात जाड बुडाची कढई आणि घट्ट झाकण बरं.

आता ज्या मुद्द्यानं माझं डोकं खरं फिरलं तो. शब्दशः देते: ‘केक मधे ओला असतानाच काढा, तोच खरा मॉइस्ट केक. अंडं नसेल तर कच्चं मिश्रणही मुलांना चाटायला द्या, काही धोका नाही.’

धोका आहे, आणि तो मैद्यात आहे. कच्चं अंडं वाईट हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ‘एगलेस’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात. पण मैदा कच्चा असतो. गहू शेतात वाढतो, तिथे गुरं असतात, पक्षी असतात, शेणखत असतं. दळताना आणि चाळताना जंतू मरत नाहीत, कारण त्यात कुठेही ते मारण्याइतकी उष्णता दिलेली नसते. 2016 साली अमेरिकेत ई. कोलाय जंतूचा फैलाव झाला, त्याचा माग काढत सीडीसी ही तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था शेवटी पोहोचली ती पिठापर्यंत. 24 राज्यांतले 63 जण आजारी, 17 जण रुग्णालयात. ही जात शिगा नावाचं विष तयार करते. त्यानं रक्ताचे जुलाब होतात आणि लहान मुलांत क्वचित प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जातं. या शोधातला एक तपशील मला विसरता येत नाही: आजारी पडलेल्यांत काही मुलं अशी होती की त्यांना रेस्टॉरंटमध्ये खेळायला कच्च्या पिठाचा गोळा दिला होता.

हे वाचून आपल्या घरातली कणकेची चिमणी आठवली असेल. आई पोळ्या लाटतेय, शेजारी पोरगं कणकेचा गोळा घेऊन बसलंय, हे दृश्य बंद करा असं माझं म्हणणं नाही. खेळू द्या, तोंडात घालू देऊ नका, नंतर हात धुवा. पण वाटीभर कच्चं केकचं मिश्रण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात ‘धोका नाही’ म्हणून द्यायचं, हा सल्ला शेकडो ग्रुपांवर पाठवणाऱ्याला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटीला लागलेलं चाटायची हौस असेल तर चॉकलेट वितळवताना ती वाटी द्या.

‘मधे ओला असताना काढा’ यातही एक कण खरा आहे, म्हणूनच हा मुद्दा लोकांना पटतो. घरचा केक कोरडा होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तो जास्त भाजला जाणं हेच असतं. भीतीपोटी आणखी दहा मिनिटं ठेवायचा, मग आणखी पाच. पण काढायचं कधी? टूथपिक मधोमध घाला. तिला ओलसर चुरा चिकटून आला तर लगेच काढा. पातळ, चकचकीत मिश्रण चिकटून आलं तर तो केक कच्चा आहे. आतला स्टार्च शिजून घट्ट झालेला नाही, थंड झाल्यावर मधे खड्डा पडेल आणि खाताना जिभेला पिठूळ लागेल. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 95-96 अंश दिसले की बस. आणि कुणी लाव्हा केकचं (कापला की मधून पातळ चॉकलेट वाहतं तो) उदाहरण देईल म्हणून सांगून ठेवते: घरी मुलांसाठी करताना केक पुरता भाजा आणि पोटात गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा, गोळा ठेवा. वाहतं चॉकलेट मिळतं, कच्चा मैदा पोटात जात नाही.

पुढचं गुपित तर खास नाशिककरांसाठी आहे, बहुधा कुणा स्थानिक विद्वानानं मधे घुसडलेलं. ‘नाशिक उंचावर असल्यामुळे केक फुगत नाही, सोडा दुप्पट घाला.’ नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास. इथे पाणी 100 ऐवजी सुमारे 98 अंशांना उकळतं, फरक एवढाच. उंचीसाठी केकची कृती बदलण्याचा विचार साधारण 3,000 फुटांच्या पुढे सुरू करतात. महाबळेश्वरला कुणी केक करत असेल तर त्यांनी जरूर करावा. किंवा कळसूबाईच्या माथ्यावर, 1,646 मीटरवर, ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) घेऊन जाणार असाल तर.

गंमत पुढे आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तेवढाच वायू जास्त फुगतो. म्हणून तिथे सोडा कमी करतात! म्हणजे नाशिक खरोखर उंचावर असतं तरी हा सल्ला उलटाच ठरला असता. दुप्पट सोड्यानं केक आधी भराभर वर येतो, बुडबुडे एकमेकांत फुटतात आणि मधे बसतो. जो सोडा आम्लाशिवाय उरतो त्याची साबणासारखी चव येते. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत ज्यांचे केक मधे बसतात, त्यांनी समुद्रसपाटीला दोष देण्याआधी सोड्याचा चमचा सपाट होता की शिगोशीग ते आठवावं.

मैद्यात अ‍ॅलोक्सन असतं आणि त्यानं मधुमेह होतो, हे जुनं भूत याही संदेशात आहेच. अ‍ॅलोक्सन हे प्रयोगशाळेत उंदरांना टोचून मधुमेह घडवण्यासाठी वापरलेलं रसायन आहे. मैद्यात ते कुणी मिसळत नाही. त्याच वाक्याला जोडून ‘बेकरीत ब्रोमेट असतं’ असंही लिहिलंय आणि इथे मात्र नाइलाजानं मान डोलवावी लागते: 2016 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट (सीएसई) या संस्थेनं पावाच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेट या पिठात मिसळायच्या रसायनांचे अंश असल्याचं दाखवलं आणि त्याच वर्षी एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ब्रोमेटवर बंदी घातली. पण तो पावाचा विषय होता आणि आपण बोलतोय घरच्या केकबद्दल. मैदा पौष्टिक आहे असं कुणीच म्हणत नाही. पण ज्या केकमध्ये पाव किलोच्या जवळपास साखर जाते त्यात सगळा राग मैद्यावर काढायचा, हेही विशेषच.

त्यावर त्यांचा उपाय: गव्हाचं पीठ तेवढंच घ्या. घ्या ना, पण गव्हाच्या पिठातला कोंडा पाणी पितो. तेवढंच पीठ, तेवढंच पाणी, तर केक हमखास कोरडा. दोन-तीन मोठे चमचे पाणी वाढवा आणि मिश्रण ओव्हनमध्ये ठेवण्याआधी पाच-सात मिनिटं मुरू द्या.

‘उकळतं पाणी घातलं की कोको मरतो.’ कोको जिवंत कधी होता? गरम पाण्यात त्याच्या गुठळ्या सुटतात आणि वास खुलतो. ‘कोको जितका काळा तितका अस्सल’ हेही तसंच. काळपट रंग अल्कलीची प्रक्रिया केल्यानं येतो, ती पद्धत एकोणिसाव्या शतकात डच व्हान हाऊटेननं आणली. साधा फिकट तपकिरी कोको आंबट असतो आणि सोड्याशी जमतो. काळ्याची आंबटाई गेलेली असते, म्हणून त्याच्या कृतीत बहुधा बेकिंग पावडर लागते. एकाच्या जागी दुसरा डोळे मिटून घालू नका, इतकंच.

सात गुपितांत जे एकदाही आलं नाही ते आता सांगते, कारण मावशीला शेवटी केक तर हवाच होता. केक ओलसर राहतो तो पाणी, साखर आणि तेल यांच्या प्रमाणामुळे. ते वाटीतच ठरतं, भट्टीत आपण फक्त ते घालवायचं नसतं. साखर पाणी धरून ठेवते. आपल्याकडे ‘फार गोड नको गं’ म्हणून साखर अर्धी करतात आणि मग केक कोरडा झाला म्हणतात. थोडी कमी चालेल, अर्धी नाही. तेल थंडीत द्रव राहतं, लोणी गोठतं. निफाडची थंडी पेपरात झळकते त्या दिवसांत बटरचा केक सकाळी विटेसारखा का लागतो, त्याचं हेच कारण.

अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या महामंदीच्या काळापासून चालत आलेला एक केक आहे, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. तोच मी मावशीला लिहून दिला. मैदा 190 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, साधा कोको तीन मोठे चमचे, खायचा सोडा एक छोटा सपाट चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. कोरडं सगळं चाळून घ्यायचं. त्यात तेल 80 मिली, व्हिनेगर एक मोठा चमचा, व्हॅनिला आणि गरम पाणी 240 मिली. फार फेटायचं नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. व्हिनेगर पडल्या क्षणी सोडा कामाला लागतो, म्हणून टिन आधी तेल लावून तयार हवा आणि ओव्हन 175 अंशांवर तापलेला हवा. आठ इंची चौकोनी टिनमध्ये 30 ते 35 मिनिटं. भांडी बाजारातून टिन आणाल तेव्हा हलक्या रंगाचा घ्या. काळ्या टिनमध्ये कडा लवकर करपतात. व्हिनेगरचा वास केकला लागत नाही, हा प्रश्न मावशीनं दोनदा विचारला.

राहिलं शेवटचं गुपित: ‘केक फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे ओलावा टिकतो.’ उलट. फ्रिजच्या तापमानाला स्टार्च पुन्हा कडक होण्याचा वेग वाढतो, केक लवकर शिळा लागतो. साधा केक पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवा, दोन दिवस उत्तम राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात एकच दिवस धरा. वर फ्रेश क्रीम लावलं असेल तर मात्र फ्रिजला पर्याय नाही. मग खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.